हरिहरकाकांची जळजळ

आमचे हरिहरकाका टेंभी नाक्याला राहायचे. हवामानाच्या नोंदी ठेवायच्या सरकारी नोकरीत त्यांची बदली लेहला झाली. हिमालयापलीकडचं ते गाव कुठे आहे, हे ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथे सोवळ्यातलं मिळायचं नाही, हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं. निघताना मंदाकिनीकाकूने शपथ घातली, परक्याच्या हातचं खायचं नाही.

काका पाच वर्षं स्वतः रांधून जेवले. तिथल्या उंचीवर पाण्याला उकळी लवकर येते, पण त्या पाण्यात ताव नसतो. तासभर चुलीवर ठेवला तरी भात मधे कच्चाच राही. दुसऱ्या वर्षी छातीत जळजळ सुरू झाली, आंबट पाणी घशाशी येऊ लागलं. काका मोजमापाचे माणूस. त्यांनी डाकवाल्याला विचारलं, खेचरवाल्यांना, यारकंदच्या व्यापाऱ्यांना, मठातल्या भिक्षूंना. बेचाळीस जणांपैकी तेवीस जणांना हाच त्रास! प्रत्येकाचं अन्न निराळं, धर्म निराळा, जळजळ तेवढी सारखी. दोष उंचीचा असावा, असं काकांनी वहीत लिहून ठेवलं.

१८८८ साली ते परत आले, दहा वर्षांच्या लेकीच्या, शकूच्या, लग्नासाठी. जेवण झालं की छाती चोळत बसायचे. गावाला तेवढं पुरलं.

"अभक्ष्य पोटात गेल्याशिवाय एवढी आग होत नाही," असं आमचे उपाध्ये श्रीपादशास्त्री म्हणाले, आणि ते बोलणं कल्याणला शकूच्या होणाऱ्या सासरी पोचलं. तिकडून निरोप आला, आधी प्रायश्चित्त, मग कन्यादान.

काकांनी शास्त्रीबुवांपुढे वही ठेवली. "तिकडे तेवीस माणसांना हेच होतंय. उंचीवर होतं ते."

"त्यांतले मांस खाणारे किती?"

"सगळेच," काका खरं बोलले.

"मग झालं तर!" म्हणून बुवांनी वही मिटली.

त्या 'झालं तर'चा मला अजून राग येतो. ज्यांना काही होत नव्हतं ते एकोणीस जणही मांसच खात होते. पण विचारतो कोण? उचलली जीभ, लावली टाळ्याला, त्यातली गत.

प्रायश्चित्त घ्यायचं म्हणजे न केलेलं पाप चारचौघांत कबूल करायचं. चार दिवस काका ऐकेनात. पाचव्या दिवशी शकू जवळ येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही नसलात तर माझं कन्यादान कोण करणार?" काकांनी मुकाट्याने पंचगव्य घेतलं.

लग्न थाटात झालं. पुढे ठाण्याच्या हवेत, ऊन ऊन मऊ भातावर, तीन महिन्यांत जळजळ आपोआप गेली. पंचगव्याचा गुण, असं सगळं गाव म्हणालं.  मला मात्र काकांची फार दया येई.

एका सकाळी चुलीपाशी बसलेल्या काकूने हळूच विचारलं, "इकडून खरंच काही खाणं झालं नव्हतं ना?"

 काका म्हणाले, "अगं, पाच वर्षं कच्चा भात खाल्ला मी. तुला शब्द दिला होता ना?"

काकू पदरात तोंड लपवून रडली. त्यानंतर जन्मभर ती भात उतरवण्याआधी शीत बोटांनी दाबून पाही, आणि ते शिजलेलं असलं तरी भात आणखी थोडा वेळ चुलीवरच ठेवी.