डावा हात आणि चिमूटभर हळद

माझ्या मुलाचं बेसबॉलमधलं करिअर मी एकदा अकरा चेंडूंत संपवत आणलं होतं.

मुलगा म्हणजे निखिल. डावखुरा. आम्ही सांता क्लाराला आलो तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि तेव्हापासून जेवायला बसलं की माझं एकच पालुपद, "निखिल, उजव्या हातानं." तो दोन घास उजव्या हातानं घ्यायचा आणि मी आमटी घ्यायला वळलो की डावा हात ताटात. मी इंजिनियर, चिकाटी भरपूर. ही मोहीम मी तो कॉलेजात जाईपर्यंत चालवली.

कॉलेजात तो इंजिनियरिंग शिकायला गेला आणि बेसबॉलच जास्त शिकला. (चेंडू टाकण्याला तिथे बोलिंग नाही, पिचिंग म्हणतात. हे त्यानं मला निदान चाळीस वेळा सांगितलं. मी क्रिकेटवाला, बोलिंगच म्हणत राहिलो.) मग ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये, डिग्रीला दोन क्वार्टर, म्हणजे जेमतेम सहा महिने, उरलेले असताना, एका टीमनं त्याला मायनर लीगसाठी निवडलं. म्हणजे मोठ्या टीमच्या हाताखालची छोटी टीम. पोरं तिथे वर्षानुवर्षं घासतात आणि एखादाच वर जातो. घरी आलेला टीमचा माणूस मला म्हणाला, "सर, दॅट लेफ्ट आर्म इज अ गिफ्ट."

मी बायकोकडे पाहिलं. सुषमानं छताकडे पाहिलं.

मी एक महिना घर डोक्यावर घेतलं. शेवटी तह झाला: एक उन्हाळा. जमलं तर ठीक, नाही तर सप्टेंबरला मुकाट्यानं वर्गात. तो गेला आणि घर इतकं शांत झालं की मला करमेना. हे मी अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

त्याला पहिल्यांदा खेळवणार असं कळलं तेव्हा आम्ही पाच तास ड्राइव्ह करून त्या गावी गेलो. सकाळी तो आमच्या मोटेलवर आला. सुषमानं हातावर दही द्यायला चमचा उचलला, त्यानं डावा हात पुढे केला, मी सवयीनं म्हणालो, "उजवा." मला खरं म्हणजे 'यशस्वी हो' म्हणायचं होतं. पण महिनाभर ओरडलेल्या तोंडातून ते निघेना.

म्हणून तो नाश्ता करत असताना मी गुपचूप त्याची बॅग उघडली. आपण नव्या गाडीला हळदकुंकू वाहतो, यंत्राला वाहतो, मग त्याच्या चेंडू झेलायच्या ग्लव्हनं काय पाप केलंय? चामड्यावर हळद टिकेना, म्हणून थोडं खोबरेल तेल घातलं. शेवटी इंजिनियर ना! (नारळ फोडायचा मोह मात्र आवरला.)

दुपारचा सामना, भाजून काढणारं ऊन. निखिल मधल्या उंचवट्यावर उभा राहिला आणि त्यानं पहिला चेंडू टाकला. मला चेंडू दिसलाच नाही, फक्त बॅटवाल्याच्या मागे बसलेल्याच्या ग्लव्हमध्ये तो बसल्याचा आवाज आला. हा माझ्या ताटाशेजारी बसणारा मुलगा?

अकराव्या चेंडूनंतर समोरच्या बॅटवाल्यानं हात वर केला. अंपायरनं चेंडू मागवला. पांढरा चेंडू छान पिवळा झाला होता. मग त्यानं निखिलच्या ग्लव्हमध्ये बोट घातलं. बोट वर आलं ते पिवळं, लाल आणि तेलकट.

शेजारी बसलेला माणूस आपल्या बायकोला समजावू लागला, की चेंडूला काही फासणं म्हणजे सरळ चीटिंग, आता पोराला हाकलणार.

सुषमा माझ्याकडे वळली. "काय केलंत?"

"थोडीशी हळद."

"मुद्दाम केलंत ना? तो सप्टेंबरला घरी यावा म्हणून?"

हे मात्र लागलं. मी उठलो आणि तडक कुंपणाशी गेलो. "सर! माय मिस्टेक!" खिशातली हळदकुंकवाची पुडी काढली, आणि हे निर्धोक आहे हे पटवायला स्वतःच्या कपाळावर भलामोठा टिळा ओढला.

"डॅड, प्लीज," निखिल म्हणाला. त्याचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला होता.

अंपायर जवळ आला. "यू पुट धिस ऑन हिज ग्लव्ह? व्हाय?"

माझं इंग्रजी तिथेच संपलं. "बिकॉज... आय वॉन्ट हिम टु विन."

हे वाक्य मी निखिलसमोर पहिल्यांदाच बोललो होतो. तो माझ्याकडे बघत राहिला. अंपायरनं माझ्या कपाळाकडे एकदा, पिवळ्या बोटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "न्यू बॉल. न्यू ग्लव्ह. अँड सर, सिट डाउन."

निखिलनं कुणाचा तरी ग्लव्ह उसना घातला. पुढचे तिघे आले आणि हवेत बॅट फिरवून परत गेले. लोक उभे राहिले. मी मात्र बसूनच राहिलो, अंपायरनं तसं बजावलं होतं. सप्टेंबरला तो वर्गात गेला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

तो डावा हात थांबवण्यासाठी मी चौदा-पंधरा वर्षं ओरडलो, काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी मात्र जवळजवळ जमलं होतं, तेही अगदी शास्त्रोक्त, माझ्याच उजव्या हातानं.