नाव घेतलेल्या गावाचं पाणी

दुष्काळात आमच्या गावानं जे नाव घेतलं, ते मी कागदावर उतरवत नाही. ते फक्त पाणी ठेवताना घ्यायचं नाव आहे. मी दुसरी पास, पण एवढं मला कळतं.

तलावाच्या कामावर दुपारच्या सुट्टीत मास्तर पेपर वाचायचे. लांबच्या कुठल्या देशात लढाई चालली होती. तिथलं एक गाव विमानांनी जाळलं, पोरासोरांसकट. मागं कोणी उरलं नाही. भाकरी सोडायला बसलेल्या बायांचे हात थांबले. त्याच आठवड्यात चावडीवर ठरलं, आपण त्या गावाचं नाव घ्यायचं. डांबराच्या पिंपाच्या झाकणावर ते नाव रंगवून, पाटी म्हणून ते औशाच्या रस्त्यावर, फाट्याला, मीच ठोकलं.

आई म्हणाली, "नाव घेतलंस. आता त्यांना पाणी कोण देणार?"

आमच्या घरची रीतच तशी. मेलेल्याचं नाव पोराला ठेवलं, की अमावस्येला त्या माणसाचं पाणी त्याच घरानं ठेवायचं. इथं तर अख्खं गाव! आणि विहिरीला झरा करंगळीएवढा. तरी आईनं आमच्या वाट्यातला तांब्या पाटीखाली नेऊन ठेवला.

विहिरीवर रांगेत बाया हसल्या. "म्हातारे, पाव्हणे आले का गं तुझे?"

"आले की. सरक, जागा दे त्यान्ला."

पुन्हा कोणी हसलं नाही. आईच्या मागं रांगेत एका घागरीची जागा मोकळी राहू लागली. सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं. भर उन्हात त्या जागेकडं बघितलं की माझा घसा कोरडा पडायचा.

पुढं पाऊसपाणी झालं. आई गेली. मग नवा जिल्हा झाला आणि साहेब नवी पाटी घेऊन आले. तिच्यावर आमचं दुष्काळाआधीचं जुनंच नाव.

"काका, ते गाव आपल्याकडं नाहीच," साहेब म्हणाले.

"तिथंबी न्हाई. म्हणून तर इथं होतं."

ऐकतंय कोण? पण झाकणाला मी कोणाला हात लावू दिला नाही. मी ठोकलेलं मीच उपटलं आणि घरी दाराशी टेकवलं.

तेव्हापासून दर अमावस्येला तिथं तांब्या ठेवतो. संध्याकाळी पाणी कमी झालेलं असतं. पोरगा म्हणतो, "ऊन पितंय, दादा." पीत असेल. माझा घोर निराळा: माझ्यामागं ही माणसं परत तहानलेली उभी राहतील.

परवा मला वाकताच आलं नाही. सुनेनं हातातला तांब्या घेतला.

"मामा, नाव काय घ्यायचं?"

सांगितलं. तिनं घेतलं, चांगलं मोठ्यानं.

मी उंबऱ्यावरून बाजूला सरकलो. वाट अडवून बसायला नको.