ओट्यावरची रिकामी कडी

"साहेब, देवीनं पाय नेले! बाईचे पाय नेले हो देवीनं!"

गावचा कोतवाल ठाण्याच्या पायरीवरूनच ओरडत आला. आवाज असा, की समोरच्या बाभळीवरचे बगळे उडाले आणि माझा चहा निम्मा बशीत, निम्मा स्टेशन डायरीवर सांडला. मी तेव्हा राळेगावकडे ठाणेदार होतो. धम्मदीक्षेला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. नोकरीत मी काय नाही पाहिलं? वाघाने अर्धा खाल्लेला माणूस पाहिला. उरलेल्या अर्ध्याने मला नीट जबाब दिला. पण वैशाखातली ती दुपार आठवली, की आजही माझे घोटे गार पडतात.

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली देवीचा ओटा. शेंदराच्या दगडासमोर दोन जाड पितळी कडी, पावलांइतक्या अंतरावर शेजारी शेजारी ठेवलेली. जणू त्यांत कुणी बाई उभी होती आणि कडी तिथंच सोडून वर निघून गेली. मी एक उचललं, तर ते हातात दुभंगलं. दोन्ही कड्यांचे अर्धे भाग जोडून ठेवले होते. काप केसाएवढा. खाली पिवळी पूड, मेणाचे कण आणि तारेएवढा एक तुटका पोलादी तुकडा. रक्ताचा थेंब नाही.

ही कडी गावातल्या एका पन्नाशीच्या बाईची. आठ वर्षांची असताना नवसापायी ती देवीला वाहिलेली. कडी पायात घालून तिथंच डाग देऊन झाळून टाकली होती. मरेपर्यंत निघायची नाहीत. ती बाई आता नव्या धम्मात गेली होती आणि आदल्या दिवसापासून गायब होती. तिचा भाऊ या ओट्याचा पुजारी. त्याने महिन्यापूर्वी भर पाणवठ्यावर दम दिला होता, "कडी काढशीन तं पाय तोडीन तुये!"

आता सांगा, असा पुरावा हाती आल्यावर कोणता ठाणेदार गप्प बसेल? भाऊ कोठडीत गेला.

माझ्या मिशा त्या काळी अशा होत्या, की चोर नुसत्या पाहून कबुली देत. हा गडी मिशांकडे पाहीना. कोपऱ्यात बसून कान झाकत होता.

"काय ऐकू येतं रे?"

"किर्र... किर्र... साहेब. तीन रोज आयकू येऊन राह्यलं होतं. भर दुपारी. ओट्याकडून."

"मग गेला का नाहीस?"

"दुपारी तिथं देवी हिंडते जी. कोन जाते मराले?"

चौकशी केली, तर सगळ्या गावाने तो आवाज ऐकला होता. तिन्ही दुपारी दारं लावून, पोरांची तोंडं दाबून सगळे बसले होते.

माझ्या मते आवाज देवीचा असेल-नसेल, काप मात्र करवतीचा होता. कोणत्या करवतीचा? बाजारातून लोखंड कापायची करवत आणली आणि ठाण्याचा पितळी तांब्या कापायला घेतला. जाड दाते पातळ पत्र्यात अडकले, पत्रा फाटला, जमादाराचा अंगठाही. जमादार त्या गळक्या तांब्याने पुढे सहा महिने पाणी प्याला, म्हणजे पायावर प्याला.

शेवटी दोन्ही कडी घेऊन राळेगावच्या सोनाराकडे गेलो. त्याने काप बोटाने चाचपला.

"हे आमचं बारीक पातं, साहेब. तीन तरी दाते धातूच्या जाडीत बसले पाह्यजे, नाही तं पातं अडकते. पन एवढ्या जाड कड्याले मी मोठ्या दात्याचंच देईन. बारीक पात्यानं दिवस जाते."

"मग बारीक का घेतलं असेल?"

"खाली कातडी असन म्हून." त्याने कड्याचे दोन अर्धे पुन्हा जोडून पाहिले. "पाय जरासा हालला की हे पातं तुटते. माह्याच हातून एका कड्याले चार तुटतात. तिथं किती तुकडे सापडले?"

पंचनाम्यात एकच तुकडा होता.

जमादाराने दुखरा अंगठा छातीशी धरला. "म्हंजे पाय हाललाच नाही, साहेब. मेलेला पाय."

भाऊ आता फासावर जाणार, हे मला कोर्टाआधी दिसलं.

ठाण्यात परतलो, तो भाऊ अजून कान झाकूनच. मला हिशोब बसेना. आवाज तीन दुपारचा, आणि बाई तर आदल्या दिवसापर्यंत गावात हिंडत होती; मग पहिल्या दोन दुपारी कापलं ते कुणाचं मढं? मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"खरं सांग, भर दुपारी त्या ओट्यावर कुणीच जात नाही?"

"कोनीच नाही जी." मग हळूच म्हणाला, "फक्त थे, माही बहीन. देवीची हाय ना थे."

मी उठलो आणि तसाच पुन्हा सोनाराकडे. या वेळी मिशांनी काम केलं.

"आलती," तो म्हणाला. "देवीचा कोप होईन म्हून नाही सांगतलं. पाती नखावर घासून पाह्यली अन् सगळ्यात बारीक घेतली. म्या म्हनलं, बाई, लय येळ लागन. थे म्हने, घाई नाही. मंग म्या कड्याखाली बांबूची कामटी सरकवाले सांगतलं, अन् पात्याले मेन लावाले."

चार दिवसांनी ती राजूरला, कोळशाच्या खाणीपाशी भाचीच्या घरी सापडली. अख्खं गाव ज्या आवाजाला घाबरतं, त्याच्याकडे बिनघोर चालत कोण जातं, हे आधी विचारावं. एवढी अक्कल मला त्या तपासाने दिली. पुढे तीस वर्षं ती पुरली.

ती ओसरीत पाय पसरून बसली होती. काळ्या घोट्यांभोवती दोन पांढरे पट्टे. चाळीस वर्षं ऊन न लागलेली कातडी. मला क्षणभर वाटलं, कडी अजून तिथंच आहेत.

"बाई, तुझा भाऊ फासावर गेला असता! कडी विहिरीत टाकायचीस, रानात पुरायचीस. ओट्यावर कशाला मांडलीस?"

तिने पाय जवळ घेतले.

"तिची होती. तिले देऊन टाकली."