रस्त्याच्या मधोमध कुमुद

कुमुदच्या शेजारच्या पॅट्रिकचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या घरी शेंगदाणे भाजत होते. फोन ह्यांनी घेतला. "कुमुद गेली," एवढंच म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. शेंगदाणे करपले... महिना होऊन गेला, पण तो वास अजून नाकातून जात नाही.

कुमुद ह्यांची धाकटी बहीण. तिचे यजमान नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, आर्माजवळच्या एका गावात डॉक्टर होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ह्यांनी एकच धोशा लावला, कुमुदनं हॅरोला यावं. ती कुठली ऐकते! तिनं घराचं बी अँड बी केलं, पाहुण्यांना मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. तिकडे वर्षानुवर्षांच्या हिंसाचारानंतर नुकतीच शांतता नांदू लागली होती, पाहुणे येऊ लागले होते. त्यांना ती नाश्त्याला कांदेपोहे खिलवायची आणि रविवारी रस्त्यावरचा लोखंडी गोळ्यांचा खेळ दाखवायला न्यायची. "तुझं ऐकेल ती, घेऊनच ये," म्हणून ह्यांनी मला धाडलं. मीही निघाले, नवी साडी नेसून, मोठी मुत्सद्दीच की नाही!

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. गावाबाहेरचा वळणांचा साधा रस्ता, दोन्हीकडे माणसं. खेळाडू धावत येऊन मुठीत मावेल एवढा लोखंडी गोळा फेकतो, आणि कमीत कमी फेकींत जो रस्ता संपवील तो जिंकतो. नेम कुठे धरायचा हे दाखवायला कुणीतरी पुढे पाय फाकवून उभं राहायचं, गोळा सुटला की बाजूला व्हायचं. ते काम आमची कुमुद करत होती! सलवार-कमीझ, वर रेनकोट, आणि अख्खं गाव तिच्याकडे डोळे लावून.

तिचा शेजारी पॅट्रिक, त्यानं फेकलेला गोळा घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. हरवला वाटतं बिचाऱ्याचा, म्हणून मी तो उचलला, पदरानं पुसला आणि लांबवर चालत जाऊन त्याच्या हातात ठेवला. वर म्हणाले, "नो प्रॉब्लेम!" त्याची त्या दिवसातली सगळ्यात लांब फेक होती ती. पॅट्रिकनं डोक्याला हात लावला. माणसं हसून हसून कुंपणावर ओणवी झाली.

कुमुद डोळे पुसत आली. "अगं वहिनी, गोळा थांबला तिथेच ठेवायचा असतो. पुढची फेक तिथूनच." मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "दादालाही सांग तेवढं..."

माझी सगळी मुत्सद्देगिरी तिथेच आटोपली. परत आल्यावर ह्यांनी दारातच विचारलं, "एकटीच?" मी कुमुदचा निरोप सांगितला. तरी हे पुढे दर फोनवर शेवटी विचारायचेच, "मग कधी येतेस?" अगदी शेवटच्या फोनपर्यंत.

अंत्यविधीनंतर पॅट्रिकनं तिचा गोळा ह्यांच्या हाती दिला. घरी आल्यावर बॅग उघडताना तो निसटला, पॅसेजभर गडगडत गेला आणि चपलांच्या स्टँडपाशी थांबला. परवा हूवरनं, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरनं, गालिचा साफ करताना मी सवयीनं वाकले. आतून ह्यांचा आवाज आला, "तू पुन्हा उचलतेस का? राहू दे गं... थांबलाय तिथेच राहू दे."

मी हूवर त्याच्या कडेकडेनं फिरवला.