वॉल्व्हच्या जागी बोल्ट

तुमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, ते मी ओळखू शकते. पण शिट्टीखालची नळी शेवटची कुणी साफ केली, हे तुम्हाला सांगता येईल का?

आमच्या घरात ते कुणालाच सांगता आलं नसतं. बाकी जगातलं सगळं सांगता आलं असतं. माळ्यावर, पलंगाखाली, कणगीच्या मागे, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. ‘निषेध’ हा शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता येत होता. गायरान, पाणी, बायकांचे श्रम, वडिलांनी कशावर म्हणून पत्रक काढलं नाही? घरात न वाचलेला छापील कागद एकच होता, तो म्हणजे कुकरबरोबर आलेली पुस्तिका. ती शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली होती.

दर बुधवारी आमच्याकडे वडिलांच्या पाणी समितीची बैठक असते. रविवारी ठेवली तर लोणावळ्यातल्या गाड्यांच्या रांगेतून कुणी पोचत नाही. विषय ठरलेला: तुंगार्लीच्या बंगल्यांतले पोहायचे हौद भरतात आणि आमच्या गल्लीतले नळ नुसते गुरगुरतात. विषय खरा आहे, मीही त्यावर लिहिते. बैठकीला येतात ते सगळे पुरुष. बायकांनाही निमंत्रण असतं, तसं पत्रकात छापलेलं असतं. आई बैठकीला नसते, कारण ती बैठकीचा भात लावत असते.

भात इंद्रायणीचा. मावळात दुसरा तांदूळ वाढला तर पाहुणे ताटाकडे बघून घरात कोण आजारी आहे, असं विचारतात. ह्या भाताचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि पेज शिट्टीच्या नळीत. एरवी आई आतल्या डब्यांत लावते, पण बैठकीला डबे पुरत नाहीत. मग तांदूळ थेट कुकरमध्ये, तोही गळ्यापर्यंत. चिकट फेस वर चढतो, नळीत बसतो आणि वाळून खळीसारखा कडक होतो.

एका बुधवारी शिट्टी झालीच नाही. झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला. वाफ छताला, भात भिंतीला. आई मोरीपाशी होती म्हणून वाचली. बाहेर वडिलांचं भाषण चालू होतं. हातातलं वाक्य पूर्ण करून ते आत आले, मागोमाग समिती.

“वहिनी, लागलं न्हाई ना?” खजिनदारांनी विचारलं.

“मला न्हाई. भिंतीला इचारा.”

खजिनदारांच्या स्कूटरच्या डिकीत सगळं असतं. त्यांनी बोल्ट आणला, वरून-खालून वायसर लावले आणि वॉल्व्हच्या भोकात आवळून बसवला. वडिलांनी ही तात्पुरती व्यवस्था असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी म्हणालं, जनतेचंही असंच असतं, दाब वाढला की उडते. ही उपमा सगळ्यांना इतकी आवडली की ती पुढच्या पत्रकात आली. नळीतली खळ तशीच राहिली.

ती दुसऱ्या दिवशी मी तारेनं काढली. पण बुधवार आला की कुकर पुन्हा गळ्यापर्यंत, आणि भात शिजेपर्यंत आई त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, “बाबा, नळी तुंबली तर आता वाफेला दुसरी वाट नाही. झाकण उडेल, आणि समोर आई असेल.”

“मुद्दा बिनतोड आहे,” ते म्हणाले. “बैठकीत घेऊ.”

बैठकीत तो ‘आयत्या वेळचे विषय’ ह्याखाली आला, आणि तिथवर पोचेपर्यंत ताटं मांडायची वेळ झाली. पुढच्या खेपेलाही तेच. बाजारात जाणं झालं नाही, असं वडील सांगायचे. त्यांचा छापखाना भांड्यांच्या दुकानाला खेटून आहे.

मी वॉल्व्ह आणायला निघाले तर आईनं पायरीवरच अडवलं. “तू आणू नगस. तू आणलास तर ह्येंना कळायचंच न्हाई.”

त्यानंतरच्या बुधवारी माणसं जमली, वडील उभे राहिले. आई बाहेर आली आणि तिनं सतरंजीचं टोक उचललं.

“उठा जरा. आज बैठक आत.”

“आत कुटं?” आमच्यातले सर्वांत वडीलधारे आबा म्हणाले. “तितं कुकर लागलाय की.”

“व्हय आबा. मी रोज तितंच असते.”

नाही कसं म्हणणार? सतरंजी ओट्यासमोर अंथरली गेली. मंडळी दाटीवाटीनं बसली. वडिलांनी त्यांच्या सभेतल्या शुद्ध मराठीत सुरुवात केली, “मित्रहो, पाण्याचा प्रश्न हा मूलतः समान वाटपाचा प्रश्न आहे.” कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे बोल्टकडे बघत होते. रस्त्यावर जेसीबीसमोर ठिय्या देऊन बसलेली ही माणसं बसल्या बसल्या दाराकडे सरकत होती. सतरंजी पुढं मोकळी आणि उंबऱ्यापाशी गच्च भरली.

“वहिनी,” खजिनदार हळूच म्हणाले, “शिट्टी झाली का हो?”

“न्हाई.”

“मग ग्यास जरा...”

“आयत्या वेळचे विषय आले का?”

वडिलांचं वाक्य मध्येच तुटलं. माझ्या आठवणीत प्रथमच. “बंद कर की गं त्यो ग्यास,” ते म्हणाले. सभेतली मराठी गळून पडली होती.

“तुमी करा. तुमचा हात पोचतोय.”

बटण कुकरच्या खालीच. वडिलांनी तोंड फिरवून, हात ताणून, ते चाचपत बंद केलं. मग चप्पल घालून बाजारात गेले. परत आले तेव्हा हातात वॉल्व्ह होता, आणि कुणी न सांगता आणलेलं नवं रबरही.

तोवर कुकर निवला होता. खजिनदारांनी पान्यानं बोल्ट सोडवला आणि झाकण काढलं. आत तळाशी थोडं पाणी होतं, जेमतेम कोमट. आच इतकी बारीक की शिट्टी व्हायची नव्हतीच.

“अन् भात?” आबांनी विचारलं.

“परसात चुलीवर. टोपात. मला माझा जीव हाय की.”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वडील हसले नाहीत. त्यांनी वॉल्व्ह बसवला, आणि आईनं पुढं केलेली तारही घेतली.

आठवड्यात ‘स्वयंपाकघरातील सुरक्षितता’ हे पत्रक तयार झालं, समितीच्या पुढाकारानं. मुद्दे सगळे बरोबर. शेवटी लिहिलं होतं, ‘गृहिणींनी झाकण नियमित तपासावे.’ छापखान्यात जाण्याआधी मी तो पहिला शब्द खोडला आणि ‘जेवणाऱ्यांनी’ असं लिहिलं. वडिलांनी वाचलं, पेन काढलं, थोडा वेळ धरलं आणि परत खिशात ठेवलं.

तेव्हा जेवणाऱ्यांनो, आज ताटावर बसण्याआधी उठा. झाकण उजेडाकडे धरून नळीतून बघा. पलीकडचं दिसलं नाही तर तार घ्या. रबर सैल असेल, वॉल्व्हच्या जागी भलतंच काही असेल, तर आजच बाजार गाठा. आणि हा कागद आत नेऊन स्वयंपाक करणारीच्या हातात देऊ नका. तिला माहीत आहे.