मधली खुर्ची

मयताला गेल्यावर हसू नये, हे मला कळतं. पण घोडपदेवच्या आमच्या फुटबॉल क्लबातले दोन जुने गडी एखाद्या मयताला भेटले की एक जुना किस्सा निघतो, आणि त्याच्या पोटी तिथेच एक नवा जन्माला येतो. हल्ली घरचे लोक आम्हाला मुद्दाम वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवतात. असे साठलेले थोडे इथे उतरवून ठेवतो. मी दिवसा एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी या क्लबाचा बिनपगारी चिटणीस. त्यामुळे कागदपत्रांपुरतं मी खरं सांगतो. बाकीची हमी नाही.

*

क्लब होता एका लाकडाच्या वखारवाल्या शेठचा. आसपासचे क्लब हौशी. आमच्या अकरा जणांना मात्र शेठ महिन्याच्या महिन्याला पगार देई. त्याबदल्यात त्याची एकच अट होती. दरवर्षी टीमचा फोटो काढायचा आणि मधल्या खुर्चीवर तो बसणार, पायाशी बॉल घेऊन. त्याने जन्मात बॉलला पाय लावला तो तेवढाच.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा तापला. मुंबई कोणत्या राज्यात जाणार यावर चौकाचौकांत सभा होऊ लागल्या, तेव्हा शेठने वखारीला कुलूप लावलं आणि गाव गाठलं. तिथून त्याचं पत्र आलं: "मुंबई कोणाची ते आधी ठरू द्या. मग क्लब कोणाचा ते सावकाश ठरवू."

पगार बंद झाले. पाठोपाठ लीगच्या ऑफिसातून दुसरं पत्र आलं. मालक नसलेल्या टीमला पुढच्या हंगामात जागा नाही; मालकाचं नाव लिहिलेला फॉर्म आणि मालकासह टीमचा फोटो मुदतीत न आल्यास नाव कापण्यात येईल. अकरांपैकी चौघांना दुसरी नोकरी नव्हती. नाव कापलं की ते गावाला भात लावायला जाणार, हे ठरलेलं. आमचा कॅप्टन भिकू सावंत त्यातलाच एक.

मी मीटिंग बोलावली आणि विचारलं, "मालक म्हणून कोणाचं नाव घालू?"

शेवटी गोलकीपर कांबळे बोलला. हा डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, गिरणीत साच्यावर कापड विणणारा आणि वाचनालयातलं कपाट वाचून संपवलेला माणूस.

"काल मोर्च्यात मुंबई आमची म्हणून ओरडताना एकाचाही घसा बसला नाही," तो म्हणाला. "आज क्लब आमचा म्हणा म्हटलं, तर सगळे बुटांकडे बघतायत."

*

बुटांवरून आठवलं.

मालक सापडत नाही म्हणता म्हणता एकाच रविवारी दोन उगवले. एक शेठचा मुनीम आणि दुसरा शेठचा मेहुणा. दोघंही पांढऱ्या टोप्या घालून मैदानावर हजर. मुनीम म्हणे, शेठ जाताना वखारीची किल्ली माझ्याकडे देऊन गेले, म्हणजे क्लबही माझ्याकडे. मेहुणा म्हणे, बहीण आमच्या घरची, तेव्हा क्लब आमच्या घरचा. मालकाची खुर्ची एकच होती. हाफटाइमपर्यंत दोघं तिच्यावर अर्धे अर्धे बसले. मला वाटलं, फॉर्मवर दोन नावं घालू. एकाच्या जागी दोन असल्यावर लीग कशाला नाही म्हणेल?

हाफटाइमला नागपाड्याचा बूटवाला आला. त्याच्या हातात अकरा जोडांचं बिल.

"मालिक कौन है?"

मुनिमाने मेहुण्याकडे बोट दाखवलं. मेहुण्याने त्याच क्षणी मुनिमाकडे. क्लबाच्या इतिहासात मालकांचं एकमत झालं ते एवढंच. दुसऱ्या हाफला खुर्ची रिकामी होती.

*

मग लाँड्रीवाल्याने जर्सी अडवल्या. पैसे द्या आणि घेऊन जा, म्हणाला. रेफरीने बजावलं, अकरा जणांच्या अंगावर एकसारखे कपडे नसतील तर मॅच नाही. लालबागेत भिकूच्या ओळखीचं एक लेझीम पथक होतं. त्यांच्याकडे एकसारखे भगवे सदरे होते, ते मिळाले. पण पथकाच्या म्होरक्याने बजावलं की सदऱ्यावर फेटा हवाच, नुसता सदरा घातला तर पथकाचा अपमान होतो.

फेटे बांधून आम्ही मैदानात उतरलो. समोरची टीम आदराने बाजूला झाली आणि वाट बघत उभी राहिली. मॅचच्या आधी कार्यक्रम आहे, अशी त्यांची समजूत.

शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर मिळाला. भिकूने उंच उडी मारून हेड मारला. बॉल खांबाला लागून बाहेर गेला, आणि फेटा सुटून सरळ जाळ्यात. भिकू रेफरीकडे गेला आणि शांतपणे म्हणाला, "अर्धा तरी धरा, साहेब."

*

त्याच सुमारास भिकू आणि कांबळे धरून आमच्यातले सहा जण सत्याग्रहात पकडले गेले. मी कांबळेला तुरुंगात भेटायला गेलो. मला वाटलं, पोरं खचली असतील. धीर देण्याचं एक वाक्य मी वाटेत तयार करून ठेवलं होतं.

कांबळे आला तो ढेकर देत.

"दोन वेळचं जेवण आहे, संध्याकाळी मोकळं मैदान आहे," तो म्हणाला. "उरलेले पाच पण पाठवा. लीग इथंच घेऊ."

ही बातमी मी गोदूबाईला सांगायला नको होती.

गोदूबाई म्हणजे डिलाईल रोडची खाणावळवाली. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. आमची टीम तिच्याच पंगतीला. पगार थांबल्यावरही तिने कोणाचं ताट थांबवलं नव्हतं. नियम एकच, जिंकलात तर मासे, हरलात तर डाळ. लेफ्ट हाफला खेळणारा गडी एकदा डाळीला पाणचट म्हणाला, तर पुढच्या दोन मॅच तो टीममध्ये नव्हता. त्याला कोणी काढलं, हे मी विचारलं नाही.

सहाही जण सुटून आले, तर ही दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"काय रे मेल्यानु, तुरुंगातला जेवाण माझ्यापेक्षा बरा लागता?"

"नाय गो, मावशी," भिकू म्हणाला. "तिथे हरलो तरी मासे नव्हते, जिंकलो तरी नव्हते. खेळण्यात राम राहिला नाय."

*

आता फोटोचं. लीगची मुदत सोमवारी संपत होती, म्हणून रविवारी सकाळी मैदानावर सगळ्यांना उभं केलं. फोटोग्राफर लालबागचा, तोही गोदूबाईच्याच पंगतीतला, म्हणून आला. त्याच्याकडे फोटो उतरवायची एकच काच उरली होती. एकच फोटो निघणार, चूक चालणार नाही.

अकरा जण मांडले. मध्ये खुर्ची. खुर्चीवर कोणी नाही.

"मध्ये कोणीतरी बसा," फोटोग्राफर काळ्या कापडातून म्हणाला. "भोक पडल्यासारखं दिसतंय."

"कांबळे, तू बस," मी म्हटलं.

"बसतो. पण उद्या बूटवाला आला की मी उठणार."

"भिकू?"

"चिटणीस तुम्ही आहात. तुम्हीच बसा ना."

मी माझी सरकारी पेन्शन डोळ्यांपुढे आणली आणि उभाच राहिलो. अख्खी सकाळ अशीच गेली. ऊन चढलं. जेवणाची वेळ टळली तरी पंगत रिकामी, म्हणून शेवटी गोदूबाई स्वतःच डोक्यावर कालवणाचा भला मोठा टोप घेऊन मैदानावर आली.

"ही खुर्ची कोणाची?"

"कोणाचीच नाय."

"मगे खाली धुळीत कित्याक ठेवू?" म्हणत तिने टोप खुर्चीवर ठेवला आणि पदराने तोंड पुसत बाजूला झाली. झाकण काढल्याबरोबर अकराच्या अकरा चेहरे एकदम उजळले. असे चेहरे पुन्हा मिळणार नाहीत, हे फोटोग्राफरला कळलं. त्याने फोटो काढला.

सोमवारी सकाळी मी फोटोखाली नावं टाइप केली. डावीकडून उजवीकडे अकरा नावं झाली. कारकुनाला रकाना रिकामा ठेवता येत नाही. म्हणून शेवटी टाइप केलं: "मध्यभागी, खुर्चीवर: टोप." आणि फॉर्मवर मालकाच्या नावापुढे: "फोटोत पाहावे."

लीगच्या ऑफिसात परेरासाहेब होते. गोव्याचे, अत्यंत कडक. एका क्लबाचा फॉर्म त्यांनी शाईचा रंग चुकला म्हणून फाडला होता. त्यांनी फॉर्म वाचला. फोटो घेतला. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोटो पुन्हा पाहिला. भिकू माझ्या मागे उभा होता. त्याने गावच्या गाडीची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

"टोपात काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बांगडे, साहेब."

त्यांनी फोटो नाकाजवळ नेला.

"तिरफळं घातलेली?"

"हो."

परेरासाहेबांनी शिक्का उचलला.