सत्काराची खडी

आमच्या शाळेच्या खो-खोच्या मैदानावर खडी टाकली, ती खो-खोच्या पोरींचा सत्कार करण्यासाठी. परत वाचा हवं तर. मी हे ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो, आणि मग माझं तोंड बघून हसायचं थांबतो. मला आजही यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

मी मूळची सांगलीकडची. शाळेत असताना खो-खो खेळले, त्याच जोरावर शिकले, खेळाची शिक्षिका झाले आणि लग्नानंतर माण तालुक्यात आले. आमचं हायस्कूल जिल्हा परिषदेचं. माणात पाणी कमी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कमी म्हणजे किती, ते खो-खोचं मैदान राखायला घेतल्याशिवाय कळत नाही. या खेळात पळणारी हाताच्या अंतरावर आली की पाठलाग करणारीनं अंग झोकून सूर मारायचा असतो. पोट, कोपर, गुडघे सगळं जमिनीवरून घासत जातं. त्याला माती मऊ लागते, चाळलेली लागते, आणि तिच्यावर रोज पाणी मारावं लागतं. आमच्याकडं तर प्यायलाच टँकर!

मग पोरींनीच तोड काढली. दुपारच्या जेवणाची ताटं धुतली की ते पाणी ओतून द्यायचं नाही, बादल्यांतून मैदानावर आणून शिंपडायचं. माती पोरींच्या बापांनी ट्रॅक्टरनं आणली होती. गवंड्याची वाळूची जाळी मागून घेतली आणि पोरींच्या आया रविवारच्या रविवार येऊन ती चाळत बसायच्या. मी साताऱ्याला, सांगलीला मोठमोठ्या शाळांची मैदानं बघितली आहेत. आमच्या मातीत त्यांच्यापेक्षा खडा कमी होता. हे मी छाती पुढं काढून सांगायचे.

संघाची कप्तान दहावीत होती. तिची आई मेंढरं राखायची, वडील मुंबईला माथाडी. घर वाडीवर, आणि तिथवर एसटी येत नाही. ही पोरगी सूर मारायची तेव्हा पारावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून कुंपणाशी यायची. मागंपुढं बघायचीच नाही. जमीन आपल्याला झेलणार, याची तिला खात्रीच असायची. तिच्या वडिलांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, जिल्ह्याला जिकली, पुढं खेळली आन् खेळाच्या वसतिगृहात जागा मिळाली, तर शिकू द्या तिला. माझं काय म्हणणं न्हाई. पण खोली घिऊन बाहेर ठेवायची आपली ऐपत न्हाई. मग आईसंगं मेंढरामागं जाईल." या माणसाचा मला कधी राग आला नाही. जे होतं ते त्यानं सांगितलं. तेव्हा जिल्ह्याचा सामना म्हणजे त्या पोरीची अकरावी होती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि गावालाही माहीत होतं. गावालाही, हे लक्षात ठेवा.

तालुक्याची स्पर्धा आम्ही जिंकलो. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. गावानं वेशीपासून मिरवणूक काढली, पोरींच्या केसांतला गुलाल चार दिवस निघाला नाही. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. आणि दुसऱ्याच दिवशी शाळा समितीची बैठक बसली. पोरींचा भव्य सत्कार करायचा, जिल्ह्यातला बडा पाहुणा आणायचा, मंडप शाळेच्या मैदानावर घालायचा. गावात एवढी मोकळी जागा दुसरी नाही, हे खरंच. मी म्हटलं, एक दिवसाचा मंडप आहे, होऊ दे. पोरींनाही हौस होती.

नेमका त्याच आठवड्यात पाऊस झाला. वर्षभर तोंड न दाखवणारा पाऊस तीन दिवस पडला आणि आमचं चाळलेलं मैदान लोण्यासारखं झालं. मी खूश. पोरी खूश. समितीच्या अध्यक्षांना मात्र काळजी पडली. पाहुण्यांच्या गाड्या रुतल्या तर? पांढरे कपडे चिखलानं भरले तर? अध्यक्षांचा गावाबाहेर खडीचा क्रशर आहे. सोमवारी मी शाळेत आले तर मैदानावर डंपर उलटे होत होते. बारीक खडी आणि कच. पोरी ओळीनं बसतात त्या खो-खोच्या पाटीवर, खांबापासून खांबापर्यंत. आणि वरून रोलर!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी तिथंच टाकून मी रोलरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "बाई, मला नका वरडू, अध्यक्षांनी सांगितलंय." अध्यक्ष मंडपवाल्याशी बोलत उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, मी आभार मानायला आले.

"काय मॅडम, कसं झालं काम? एक रुपाया घेतला न्हाई. समदी आपल्या क्रशरची. शाळेला देणगी!"

"अहो, पोरी यावर खेळणार कशा?"

"खेळतील की. चिखलापरीस बरं न्हाई का? आता कवाबी खेळा, पाय रुतणार न्हाई."

"सूर कसा मारायचा यावर? कातडी सोलून निघेल!"

"आवं, चार दिस नका मारू सूर. सत्कार झाला की उचलून घिऊ. मॅडम, पोरींसाठीच तर चाललंय न्हवं समदं?"

 हा माणूस लबाड असता तर मी त्याला उभा सोलला असता. पण तो मनापासून बोलत होता. स्वतःच्या खिशाला खार लावून, स्वतः उन्हात उभा राहून, पोरींच्या कौतुकापायी त्यानं पोरींचं मैदान संपवलं होतं. असल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मुख्याध्यापकांकडं गेले, तर त्यांचं एकच, "मॅडम, जरा सबुरीनं घ्या. देणगीदार माणूस आहे, उद्या छप्पर गळलं तर त्यांच्याकडंच जायचंय." सबुरी! जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि मी सबुरी धरून बसायचं.

बरं, चार दिवस म्हणाले होते ना? कसलं काय! पाहुण्यांची तारीख पुढं गेली. मग आणखी पुढं गेली. मंडपाचे खांब उभे ते उभेच, आणि "आता टाकलीय तर राहू दे, पुन्हा पाऊस आला म्हंजे?" म्हणून खडीही तशीच. एका संध्याकाळी पोरी घमेली घेऊन आल्या आणि आम्ही उपसायला लागलो. पण रोलरनं काम चोख केलं होतं. खडी त्या मऊ मातीत अशी घुसली होती की बोटानं एकेक खडा उकरावा लागत होता. अंधार पडेस्तोवर जेमतेम खो-खोच्या एका खांबाभोवतीची जागा निघाली. पोरींच्या आया येऊन बघून गेल्या. ज्यांनी ती माती चाळली होती त्याच बाया. एकजण नुसती म्हणाली, "आमाला एकदा इचारायचं तरी हुतं की." तिच्याकडं बघवेना मला.

दुसरी जागा शोधली नाही असं समजू नका. देवळापुढं फरशी. रानात पेरण्या. तालुक्याच्या मैदानावर न्यायचं तर गावाकडची संध्याकाळची एसटी चुकली की वाडीवरच्या पोरी घरी पोचणार कशा? शेवटी खडीवरच सराव घेतला. पहिल्याच दिवशी दोघींचे गुडघे फुटले. कप्तान तर कोपरापासून मनगटापर्यंत खरचटली, आणि तसल्या हातानं पुन्हा खो द्यायला उभी राहिली. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, सूर बंद. पळा, वळा, खो द्या, पण कुणीही अंग टाकायचं नाही. दुसरं काय सांगणार होते? हाडं मोडून घेऊन जिल्ह्याला गेलो असतो का आम्ही?

एकदा कप्तानीनं सवयीनं झेप घेतलीच, आणि अर्ध्यातच स्वतःला आवरून हातावर पडली. तळहातात खडा रुतला होता. मी काढला. म्हणाली, "मॅडम, ध्यानातच ऱ्हात न्हाई." मी म्हटलं, "ठेव ध्यानात." मग तिनं ठेवलं.

सत्कार अखेर स्पर्धेच्या दोन दिवस आधी झाला. पाहुणे दुपारी येणार होते, ते दिवस कलताना आले. तोवर पोरी नवीन गणवेशात, डोक्याला फेटे बांधून, मंडपाच्या पहिल्या रांगेत ताटकळत. पाणी प्यायला उठायचं नाही, फेटा विसकटेल. आणि ज्या गाड्यांसाठी एवढा सगळा उपद्व्याप केला, त्या गाड्या मैदानात आल्याच नाहीत! फाटकाशी माणसांची गर्दी म्हणून रस्त्यावरच उभ्या राहिल्या. पाहुणे चालत आले. खडीवर त्यांची पावलं करकर वाजत होती आणि माझे दात त्याच्याबरोबर.

भाषणं झाली. पोरी म्हणजे गावाची शान, तालुक्याची शान, जिल्ह्याची शान. अध्यक्षांनी माईकवरून सांगितलं की मैदानाचं सुशोभीकरण केलेलं आहे. टाळ्या. पाहुण्यांनी कप्तानीला शाल घातली, नारळ दिला आणि विचारलं, "कुठं सराव करता तुम्ही?" ती म्हणाली, "हितंच." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "वा! झकास मैदान केलंय गावानं." तिनं नारळ सांभाळत वाकून नमस्कार केला. तिला वळणच तसं, मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही.

मला तसलं वळण नाही. माझा सत्कार झाला आणि दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी दोनच बोलले. म्हटलं, "मला शाल नको. परवा आमचा सामना आहे. आमच्या पोरींना त्यांची माती परत द्या, ही खडी आज रात्रीच्या रात्री उचला, तोच सत्कार." आणि काय झालं असेल? टाळ्या! कडकडून टाळ्या. माणसं शिट्ट्या मारत होती. मागनं कुणीतरी ओरडलं, "मॅडम लय भारी बोलल्या!" अध्यक्षांनी पुढं येऊन मला दुसरा नारळ दिला. मग स्पीकरवर गाणं लागलं आणि माणसं जेवायच्या पंगतीला धावली. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर बाजूची बाई म्हणाली, "आनंदाचं हाय गं बाई, येऊ दे."

जिल्ह्याची स्पर्धा साताऱ्याला होती, आणि तिथलं मैदान उत्तम होतं. रात्री पाणी मारलेलं, सकाळी ओल धरून होतं. पोरी अनवाणी उतरल्या. पहिले सामने पळण्याच्या जोरावर काढले. शेवटचा कोरेगावकडच्या संघाशी होता, आणि शेवटच्या डावाची शेवटची घटका. एक गडी बाद झाला की सामना आमचा. कप्तान पाठलागावर. तिच्यापुढची पोरगी दमली होती, पाय ओढत होती. दोघींत हातभर अंतर. खांबाकडं पळताना ती हातभरच पुढं राहिली, आणि मी ओरडले, "मार!" सगळं मैदान ओरडलं. कुठल्याही दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटून तो सूर मारला असता. ती वाकली. हात लांब केला. पाऊल रोवलं. आणि थांबली. नुसती थांबली, दरडीच्या कडेला यावं तशी. शिट्टी वाजली.

जिंकलेला संघ पुढं जातो. हरलेल्याला डझनभर केळी मिळाली आणि परतीची गाडी. बाकीच्या पोरी रडून मोकळ्या झाल्या. ती खांबापाशी बसून होती. आणि मी काय केलं? सगळा राग घेऊन तिच्याकडंच गेले. अध्यक्ष तिथं नव्हते, मुख्याध्यापक नव्हते, पाहुणे तर नव्हतेच. म्हटलं, "अगं, हातात होती ती तुझ्या! का नाही मारलास? कुणाला घाबरलीस?"

तिनं वर बघितलं. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, मी मारलाच हुता. आतनं मारलाच हुता. पण खाली खडी हाय असं वाटलं."

मग ती उठली. मैदानाच्या कडेला चपला होत्या तिथवर गेली, आणि पाय घालायच्या आधी टाचेनं ती ओली माती एकदा दाबून बघितली.